एका खाकी झोळीचा माग : लंडन ते ईपर, सहा दिवस

मावशीच्या सासरी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्यात, कोकणात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. येणारे-जाणारे शेजारी सायकल टेकवतात आणि पुढे जातात. मावशी मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून विचारत आलीय, "ही माणसं कोण?" सांगू शकेल असं गावात कुणी उरलं नव्हतं.

मावशी आता एकाहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं तिने आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवलं. गेल्या ऑक्टोबरात तिच्या मुलीकडे लंडनला जायला आम्ही दोघी निघालो, तेव्हा तिने मला विमानतळावरच बजावलं, "अगं, राजवाडे नंतर बघू. आधी त्या लढाईतल्या वस्तू कुठे ठेवल्यात ते दाखव."

गावातली माणसं कोणत्या आघाडीवर गेली हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. तिथे जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण खडकीचे सॅपर्स (खणणं-बांधणं करणारे सैनिक), म्हणजे तेव्हाच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या, १९१४ च्या शरद ऋतूतच लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला पोहोचल्या होत्या. तो धागा धरून प्रवास आखला: लंडन, ब्रायटन, मग समुद्र ओलांडून फ्रान्समधलं नव्ह-शापेल आणि बेल्जियममधलं ईपर.

दिवस पहिला : लंडन, दोन तोफा आणि एक डबी

इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारात पंधरा इंची नौदल तोफांची जोडी आहे. एकेक गोळा जवळपास ८८० किलोचा. मावशी तोफांकडे फार वेळ बघत बसली नाही. तिला इमारतीची गोष्ट जास्त लागली. हे पूर्वी बेथलेम नावाचं मनोरुग्णांचं इस्पितळ होतं आणि १९३६ पासून इथे युद्धाचं संग्रहालय आहे. संग्रहालयाची स्थापना १९१७ ची, म्हणजे लढाई चालू असतानाच वस्तू जमवायला सुरुवात झाली होती. आधी नाव 'नॅशनल वॉर म्युझियम' ठेवलं होतं. 'इम्पीरियल', म्हणजे साम्राज्याचं, हा शब्द आला तो भारत आणि इतर वसाहतींच्या समितीच्या आग्रहामुळे. आमचीही माणसं मेली आहेत, हे त्या एका शब्दातून मान्य करून घेतलं होतं.

पहिल्या महायुद्धाच्या दालनात मी ज्या वस्तूसाठी आले होते ती मिळाली: प्रिन्सेस मेरीची पितळी डबी. १९१४ च्या नाताळात राजकन्येच्या नावाने निधी उभारून सैनिकांना आणि नौसैनिकांना भेट पाठवली गेली. हाताच्या पंज्यात मावेल एवढी डबी, झाकणावर तिचा एका बाजूने दिसणारा चेहरा आणि कडेने मित्रराष्ट्रांची नावं. आत पाइप, तंबाखू, सिगारेटी, शुभेच्छांचं कार्ड. पितळेचा तुटवडा पडल्यामुळे वाटप पुढे कितीतरी लांबलं, आणि अमेरिकेहून येणारं पितळ १९१५ च्या मे महिन्यात 'लुसिटानिया' बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेलं.

भारतीय तुकड्यांसाठी भेटीत बदल केले होते. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखीच भेट. शिखांना तंबाखू नाही, त्याऐवजी खडीसाखर, मसाल्याची डबी आणि कार्ड. बाकीच्या भारतीय शिपायांना सिगारेटी, खडीसाखर, मसाला, कार्ड. आणि पाणक्यांना, म्हणजे भिस्त्यांना, फक्त मसाल्याची डबी आणि कार्ड.

मावशीने हे दोनदा वाचायला लावलं. "मसाला कसला असेल? मिरे, लवंगा? की कुटलेला?" मला माहीत नव्हतं. पितळी डब्या लोकांनी जपल्या, त्यांत बटणं, सुया, पत्रं ठेवली. मसाल्याची साधी डबी कोण जपणार? ती दुसऱ्या दिवशीच्या संग्रहालयाच्या साठ्यात तरी मिळावी, अशी आशा धरून आम्ही परतलो. संध्याकाळी मावसबहिणीने मुगाची खिचडी केली होती आणि बाहेर बारीक पाऊस लागला होता.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. पण कागदपत्रं, खासगी पत्रं, डायऱ्या पाहायच्या असतील तर वाचनकक्षाची वेळ आधी ठरवावी लागते आणि काय पाहायचंय ते आधीच कळवावं लागतं. दालनात फिरता फिरता सहज डोकावू म्हटलं तर निराशा होते.

दिवस दुसरा : साठ्याची खोली

हा दिवस सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

दक्षिण इंग्लंडमधल्या एका छोट्या रेजिमेंटल संग्रहालयाला मी तीन महिने आधी पत्र लिहिलं होतं. त्यांचा साठा लोकांसाठी खुला नसतो. संग्रहपाल बाईंनी नाव कुठे लिहू नका अशी विनंती केली, तेव्हा ते पाळते. आगगाडीने दीड तास, मग चालत दहा मिनिटं. विटांची एकमजली इमारत, बाहेरून गोदामच वाटावं.

आत जाण्याआधी हात धुवायला लावले. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं काढून लॉकरमध्ये. मावशीने मंगळसूत्र पदरात खोचलं तर चालेल का विचारलं. बाई म्हणाल्या, "चालेल, वस्तूवर लोंबकळलं नाही म्हणजे झालं." शाईचं पेन अजिबात नाही, फक्त पेन्सिल. कागद हाताळायचा तर धुतलेले, कोरडे, उघडे हात. धातूला हात लावायचा तर नायट्राइलचे निळे हातमोजे. सुती मोज्यांतून घाम झिरपतो आणि पितळेवर बोटांचे ठसे कायमचे उठतात, हे मला तिथेच कळलं. सिनेमात पांढरे सुती मोजे घालून जुनं पुस्तक चाळतात ते बरोबर नाही, असंही त्या म्हणाल्या, कारण मोज्यांत बोटांना पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं.

खोलीत गारवा होता. भिंतीवर आर्द्रता मोजणारं यंत्र, कोपऱ्यांत कसरीसाठी चिकट सापळे. लोकर खाणाऱ्या कसरीची त्यांना शत्रूसारखी भीती. फळ्यांवर करड्या रंगाची पुठ्ठ्याची खोकी, आत आम्लविरहित पातळ कागद. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि तो सरळ वस्तूवर लिहीत नाहीत. आधी पारदर्शक लॅकरचा एक थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा लॅकर. उद्या काढावासा वाटला तर मूळ वस्तूला ओरखडा न पडता निघाला पाहिजे. हे ऐकून मावशीने मान डोलावली. "कच्चा टाका," ती मला म्हणाली. "उसवता येईल असाच घालायचा."

एक कपाट वेगळं होतं आणि त्याला कुलूप. त्यात रेडियमच्या रंगाने आकडे रंगवलेली होकायंत्रं आणि घड्याळं. अंधारात वाचता यावीत म्हणून रंगवलेली, आणि अजूनही किरणोत्सारी. शेजारच्या खोक्यात दुसऱ्या महायुद्धातले गॅस मुखवटे, जाड प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. त्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुमच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत असा मुखवटा निघाला तर कृपा करून तोंडाला लावून बघू नका, मुलांना तर मुळीच नको.

मग टेबलावर एकेक वस्तू येत गेली. युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवलेलं काशाचं चकतीएवढं पदक, सुमारे बारा सेंटिमीटर रुंद, त्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री), सिंह आणि दोन डॉल्फिन. त्याच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो. मरणात सगळे सारखे, म्हणून मुद्दाम वगळलेला. तेरा लाखांहून जास्त काढली गेली. लोकांनी त्याला 'मेलेल्या माणसाचा पैसा' असं नाव ठेवलं होतं. मग छापील पोस्टकार्ड: 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे' अशी तयार वाक्यं, नको ती खोडायची. स्वतःचा एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट होणार, असं त्यावरच छापलेलं. मग शिपायाची शिवणाची गुंडाळी, सुया, दोरा, बटणं, कापडात गुंडाळलेली. सैन्यात हिला 'हाउसवाइफ' म्हणत आणि उच्चार करत 'हजिफ'. मावशी त्या गुंडाळीवर बराच वेळ वाकून होती. अंगुस्तान तिने हात न लावता मापलं: "मोठ्या बोटाचं आहे."

मसाल्याची डबी त्यांच्याकडे नव्हती. पितळी डब्या चार होत्या.

शेवटी बाईंनी एक खोकं आणलं. "भारतीय म्हणून नोंदलेली आमच्याकडे ही एकच वस्तू." आत खाकी जाड कापडाची खांद्याला लावायची झोळी. एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कुटुंबाने अनेक वर्षांपूर्वी दिलेली, बरोबर एक चिठ्ठी: भारतीय शिपाई, फ्रान्स, १९१५. पलटण नाही, नाव नाही. रजिस्टरमध्ये नोंद एका ओळीची, 'झोळी, वापरलेली'.

मावशीने चष्मा बदलला. झाकणाची कड दोन ठिकाणी फाटून शिवलेली होती. बाईंनी भिंग दिलं. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

"ही दोन माणसांची शिलाई आहे," मावशी म्हणाली. मी इंग्रजीत सांगत गेले. पहिली दुरुस्ती शिकलेल्या हाताची. बारीक, सारख्या अंतराचे टाके, दोऱ्याला मेण लावलेलं, रंग कापडाशी जुळणारा. दुसरी काळ्या दोऱ्याची, टाके लांब-आखूड, घाईत किंवा गारठलेल्या बोटांनी घातलेले. "आणि हा दुसरा डावखुरा होता."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "ते कसं कळतं?"

मावशीने वर्गात सांगतात तसं सांगितलं. उजव्या हाताने हेम घालणारा उजवीकडून डावीकडे सरकतो, त्यामुळे सुरुवातीची गाठ उजव्या टोकाला येते आणि टाके एका बाजूला कलतात. इथे गाठ डाव्या टोकाला आहे. मी विचारलं, कापड उलटं धरून शिवलं असेल तर? तिने स्वतःच्या पदराची कड दुमडून दाखवली. "उलटं धरलं तर गाठ फिरेल, पण टाक्याचा कल फिरत नाही. हवं तर कागदावर तिरकी रेघ मारून कागद फिरव. इथे कलच उलटा आहे. हात दुसरा होता."

मी खरंच कागदावर रेघ मारून कागद फिरवला. ती बरोबर होती.

बाईंनी पेन्सिलीने सगळं उतरून घेतलं, दोन्ही दुरुस्त्यांचे फोटो काढले. वीस वर्षं ही झोळी माझ्या ताब्यात आहे, त्या म्हणाल्या, आणि मी तिच्याकडे कधी शिलाई म्हणून पाहिलंच नाही. निघताना त्यांनी आम्हाला चहा आणि लिंबाचा केक दिला. मावशीने बॅगेतून चकलीचं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं.

दिवस तिसरा : बोलोन्यच्या सेन्सॉरचे कागद

ब्रिटिश लायब्ररी, सेंट पँक्रस. इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याची, दप्तरं तिसऱ्या मजल्यावरच्या आशियाई-आफ्रिकी वाचनकक्षात मिळतात. वाचक-पास काढायला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भारतातून जाणाऱ्यांनी पत्ता दाखवणारा कागद विसरू नये. मावशीचा पास काढला नाही, ती खालच्या उपाहारगृहात बसून लोकरीचं काहीतरी विणत राहिली आणि मी दर तासाला खाली येऊन तिला सांगत राहिले.

मी मागवले होते एल/मिल/५ या दप्तर-क्रमांकातले ८२५ पासूनचे खंड: फ्रान्समधल्या भारतीय शिपायांच्या पत्रांवरचे सेन्सॉरचे अहवाल. सेन्सॉरचं ऑफिस फ्रान्समधल्या बोलोन्य बंदरात होतं, प्रमुख इव्हलिन हॉवेल. शिपायांची पत्रं, त्यांना आलेली पत्रं आणि इंग्लंडमधल्या इस्पितळांतली पत्रं तिथे वाचली जात. निवडक उताऱ्यांचा इंग्रजी तर्जुमा टंकलिखित करून अहवालाला जोडला जाई. उताऱ्याच्या डोक्यावर कुणी, कुणाला, कोणत्या भाषेत, कधी. मूळ पत्रं पुढे रवाना झाली आणि बहुतेक सगळी काळाच्या पोटात गेली. उरलाय तो परक्या माणसाने केलेला तर्जुमा.

हे वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. बऱ्याच शिपायांना लिहिता येत नव्हतं. शिपाई सांगणार, दुसरा कुणी लिहिणार, सेन्सॉर वाचणार, गावात तिसराच कुणी चार लोकांत मोठ्याने वाचून दाखवणार. एवढ्या तोंडांतून आणि कानांतून गेलेला मजकूर आहे तो. आपलं पत्र उघडलं जातं हे त्यांना माहीत होतं. म्हणून काळी मिरी आणि लाल मिरची. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरतायत, असं घरी लिहिलं की घरच्यांनी समजून घ्यायचं. सेन्सॉरलाही ते समजलं होतं, म्हणून तर ते आज आपल्याला माहीत आहे.

जानेवारी १९१५ मधला एक जखमी रजपूत घरी लिहितो की याला लढाई समजू नका, हा जगाचा अंत आहे, पूर्वजांच्या महाभारतात सांगितलंय तसलं हे युद्ध आहे. हा मजकूर मी पूर्वी छापील वाचला होता. टंकलेखनाच्या धुरकट अक्षरांत तो समोर आला तेव्हा मी पान उलटायचं विसरले. हॉवेलने त्या दिवसांत एक निरीक्षण नोंदवलंय: शिपाई पत्रांत कविता लिहू लागलेत, आणि ते मनाच्या अस्वस्थतेचं वाईट लक्षण वाटतं. हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही. बाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं."

दिवसभरात चाळलेल्या पानांत भाषेच्या जागी उर्दू, गुरुमुखी, हिंदी असंच येत गेलं. मराठी मला दिसलं नाही. माझे खंड थोडे होते आणि वेळही. पाच वाजता पाय जड झाले होते. बाहेर पाऊस धो धो, आणि मावशीचं टोपडं विणून पूर्ण झालेलं.

जाणाऱ्यांसाठी: या अहवालांतले बरेच खंड स्कॅन झालेले आहेत. तरी आधी ग्रंथालयाच्या सूचीत बघून, मागणी नोंदवून, खंड खरंच उपलब्ध आहेत ना हे विचारून मगच जा. एका दिवसात दोन खंडांपेक्षा जास्त नीट वाचून होत नाहीत.

दिवस चौथा : ब्रायटन

ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनचे घुमट पाहून मावशी हसली, "हे तर आपल्याकडचं काहीतरी बघून केलंय." डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत हा राजवाडा आणि शेजारचा डोम मिळून भारतीय जखमींचं इस्पितळ होतं, सातशेहून जास्त खाटांचं. जात-धर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. दालनातल्या जुन्या छायाचित्रांत झुंबरांखाली ओळीने लोखंडी खाटा दिसतात आणि पांढऱ्या पट्ट्या बांधलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, छताकडे बघतात.

छायाचित्रांपुढे मावशी पुन्हा कपड्यांकडे वळली. इस्पितळाच्या सदऱ्यांचे खांदे उतरलेले आहेत, मापं यांची नव्हेत, असं ती पुटपुटत होती.

इथल्याच हिरवळीवर २५ ऑगस्ट १९१५ रोजी राजाने जमादार मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक दिलं. हे नाव लक्षात ठेवा, ते सहाव्या दिवशी पुन्हा येईल.

दुपारी बसने पॅचमला आणि तिथून टेकाडावर चालत 'छत्री' या स्मारकाकडे. वाट चिखलाची, वारा असा की बोललेलं ऐकू येईना, दोन्ही बाजूंना मेंढ्या. मावशी दोनदा थांबली, पण परत फिरू का विचारलं तर उत्तरच दिलं नाही. ब्रायटनच्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना इथे अग्नी दिला होता. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे, आठ खांब आणि वर घुमट. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. पायाशी ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत, चितेच्या चौथऱ्यांच्या जागेवर. मुसलमान शिपायांचं दफन वोकिंगला, मशिदीजवळच्या दफनभूमीत झालं.

५३ जणांची नावं कितीतरी वर्षं या ठिकाणी नव्हती. २०१० साली शेजारी दगडी फलक उभारला, त्यावर ती आहेत. मावशीने एकेक नाव बोटाने वाचलं. "इथे तरी आहेत," एवढंच म्हणाली.

टीप: टेकाडावर पाणी, चहा, आडोसा यांपैकी काही नाही. चिखलात चालतील असे बूट घाला आणि उजेड असताना खाली या.

दिवस पाचवा : नव्ह-शापेल

सेंट पँक्रसहून गाडीने दीड तासाच्या आत लील. तिथून पुढची गावबस रविवारी धावत नाही हे आम्हाला स्टॅंडवर पोचल्यावर कळलं. तासभर गेला. शेवटी टॅक्सी केली. चालक मूळचा अल्जीरियाच्या कुटुंबातला. कुठे आणि कशाला जाताय हे कळल्यावर म्हणाला, माझे पणजोबाही याच लढाईत फ्रान्ससाठी लढायला आले होते. त्याने मीटर बंद करून आमच्याबरोबर आत यायचं ठरवलं.

सपाट शेतं, बीटाचे ढीग, खाली उतरलेलं आभाळ. चौकात गोल भिंतीचं स्मारक, हर्बर्ट बेकरने आखलेलं, १९२७ चं. पंधरा मीटर उंच खांबावर कमळ, वर मुकुट, दोन बाजूंना दोन वाघ. भिंतीवर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं. २०२३ पासून हे जागतिक वारसा स्थळांत आहे. १० ते १३ मार्च १९१५ ची लढाई इथली. पण आमची तारीख त्याआधीची होती. २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्या त्या दोन सॅपर कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर या गावात शिरल्या. घराघरांतून संगिनींनी लढल्या, आणि मागे फिरल्या तेव्हा त्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी आणि जवळपास एक तृतीयांश जवान ठार किंवा जखमी झाले होते. सॅपर म्हणजे खंदक खणणारा, पूल बांधणारा माणूस. त्या दिवशी पायदळ म्हणून वापरला गेलेला.

नावं पलटणींप्रमाणे कोरलेली आहेत. सॅपर्सचा फलक सापडायला वेळ लागला नाही. रोमन लिपीतलं मराठी नाव डोळ्यांना लगेच ओळखू येत नाही, मोठ्याने म्हटलं की येतं. म्हणून मावशीने मला मोठ्याने वाचायला लावलं. ओळखीचं वाटलं की ती म्हणायची "थांब", आणि स्वतः नीट मराठी उच्चार करून परत म्हणायची. एका ठिकाणी दोघींचं एकमत होईना, ती दोन्ही उच्चार म्हणाली. टॅक्सीवाला टोपी काढून उभा होता. तिच्या गावातलं कुणी यात होतं की नव्हतं हे कळायचा मार्ग नाही. फलकावर गाव नसतं. पण युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदवहीत आणि त्यांच्या संकेतस्थळावर काही नावांपुढे वडिलांचं नाव आणि गाव मिळतं. आपल्या गावात पाटी असेल तर तिथून सुरुवात करा, तालुक्याच्या नावाची जुनी इंग्रजी स्पेलिंगं सगळी टाकून बघा.

दिवस सहावा : ईपर

बेल्जियमच्या ईपरला पोहोचलो तेव्हा पाऊस आडवा येत होता. चौकातली भव्य कापडपेठ, लाकेनहालं, नोव्हेंबर १९१४ मध्ये जळाली आणि पूर्ण पुन्हा उभी राहायला १९६७ उजाडलं. आत 'इन फ्लँडर्स फील्ड्स' संग्रहालय. कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव, हे कळल्यावर मावशी छताच्या तुळया बघत राहिली.

इथे वस्तू जमिनीतून अजून वर येतात. आजूबाजूच्या शेतांत नांगर फिरला की न फुटलेले गोळे निघतात, शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि सैन्याचं पथक येऊन घेऊन जातं. रस्त्याच्या कडेला गंजलेलं काही दिसलं तर हात लावू नका, त्यात विषारी वायूचे गोळेही असतात.

२२ एप्रिल १९१५ ला इथेच क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला झाला. चार दिवसांनी, २६ तारखेला, लाहोर डिव्हिजनला प्रतिहल्ल्यासाठी पुढे काढलं. मुखवटे नव्हते, तोंडाला ओला कपडा. मीर दस्तने त्या दिवशी आपले अधिकारी पडल्यावर पलटणीतली माणसं सांभाळली आणि आठ अधिकाऱ्यांना गोळीबारातून मागे आणलं. काचेच्या कपाटात सुरुवातीचे मुखवटे आहेत. कापडाचा पट्टा, दोन नाड्या. मावशीने नाडी कुठे जोडलीय ते वाकून पाहिलं. "हे मशिनवर केलेलं नाही. कुणा बायकांनी घरी बसून हाताने शिवलंय."

संध्याकाळी मेनेन दरवाज्याशी आठ वाजता 'लास्ट पोस्ट', मृतांसाठी वाजवली जाणारी बिगुलाची धून. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं कमानीच्या भिंतींवर आहेत, त्यांत भारतीयही. बिगुल वाजला, मिनिटभर शांतता झाली. नंतर आम्ही चौकात उभं राहून गरम बटाट्याच्या फ्रिट्स खाल्ल्या, कागदी कोनात, वर मीठ. मावशीला त्या फार आवडल्या. तिने पर्समधून चिमूटभर लाल तिखट काढून टाकलं आणि एकदम हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. दोघींनाही ती पत्रं आठवली होती.

घरी आल्यावर

परतल्यावर महिनाभराने मावशीने खाकी ड्रिल कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर स्वतः उजव्या हाताने हेम घातलं. दुसरीवर तिच्या जुन्या वर्गातल्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीकडून, काळ्या दोऱ्याने. गाठी दिसतील अशा ठेवल्या, मराठीत नावं लिहिली, खाली माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि पाकीट संग्रहपाल बाईंना पोस्टाने पाठवलं.

गेल्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. झोळीची नोंद आता चार ओळींची झालीय: झाकणाच्या कडेला दोन दुरुस्त्या, दोन वेगळ्या हातांच्या, दुसरी बहुधा डावखुऱ्या व्यक्तीची. मावशीच्या पट्ट्या झोळीच्या फायलीत ठेवल्यात, पुढे कुणी पाहायला आलं तर ताडून बघता येईल म्हणून. पत्राची छापील प्रत काढून मी मावशीला दिली. तिने ती गावी नेली आहे.